हात कितीदा पदराकडे जातो?

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन होतं. मशीनच्या मागे आडवी दोरी बांधून एक जुना पलंगपोस टांगलेला असायचा. ब्लाउजची ट्रायल त्याच्या आड. शहापूर, खासबाग, वडगाव हा सगळा विणकरांचा भाग, त्यामुळे मागाची खडखड दिवसभर कानावर असायची आणि बायकांना एकमेकींशी जरा मोठ्यानेच बोलावं लागायचं. पण आई ट्रायलला आलेल्या बाईला "कसं वाटतंय?" असं कधी विचारत नसे. विचारलं की बायका "बरं आहे" म्हणतात, असं तिचं म्हणणं. ती त्यांच्या हातांकडे बघायची. आरशापुढे उभी राहिलेली बाई हात काखेत नेते, म्हणजे मुंढा आवळतोय. पाठीमागे नेते, म्हणजे हुक ताणलेत. गळ्याकडे गेला, तर गळा उतरलाय. आणि पोटावर पदर ओढला, तर ब्लाउजात दोष नाही, तिला तिचं पोट आवडत नाही. दोन्ही हात सैल सुटले, बाई आरसा विसरून "आज भाजी काय मिळाली गं अक्का?" विचारायला लागली, की आई हातातली सुई रिळात टोचून ठेवायची. जमलं.

मी पुढे मानसशास्त्र शिकले आणि आता नवरा-बायकोंशी, लग्न ठरलेल्या मुलामुलींशी बोलणं हे माझं काम आहे. नटल्याने आत्मविश्वास वाढतो, असं सगळेच म्हणतात. तो वाढतो कसा, किती वाढतो, आणि चार लोकांत सोडाच, पण खोलीचं दार लावल्यावर दोघांच्या जवळिकीत तो कामाला येतो का, हे नीट सांगणारं मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा लेख. यात ज्यांच्या गोष्टी येतात त्यांची ओळख लागू नये एवढे तपशील बदललेत.

"एक नूर आदमी, दस नूर कपडा" ही म्हण आपण ऐकत आलोय. ती बघणाऱ्याच्या बाजूने बोलते. कपडा चांगला असला की समोरचा मान देतो, एवढंच ती सांगते. घालणाऱ्याच्या आत काय होतं, यावर ती गप्प आहे. मला त्या आतल्या बाजूबद्दल बोलायचंय.

पांढरा कोट, खाकी शर्ट, इरकल

२०१२ मध्ये हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना पांढरा कोट घालायला दिला आणि हा डॉक्टरांचा कोट आहे असं सांगितलं. दुसऱ्यांना तोच कोट दिला, पण हा चित्रकाराचा आहे असं सांगितलं. मग सगळ्यांना बारकाईने लक्ष द्यावं लागेल असं काम दिलं, जवळजवळ सारख्या दोन चित्रांमधले फरक शोधायचे. डॉक्टरांचा कोट समजून घालणाऱ्यांनी जास्त फरक शोधले. कापड तेच, शिलाई तीच, बदलला तो फक्त त्या कोटाचा मनातला अर्थ. या परिणामाला त्यांनी 'एनक्लोथ्ड कॉग्निशन' असं नाव दिलं. मी त्याला 'कपड्यात मुरलेलं मन' म्हणते.

या अभ्यासाचा पुढे फार गाजावाजा झाला, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच लेखातला पहिला प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने जास्त लोकांवर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. नंतर अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली आणि मूळ कल्पनेला आधार मिळाला. तरीही लाल साडी नेसली की धीर येतो, निळा शर्ट घातला की मुलाखत जमते, असे नियम कुणी विकायला आलं तर घेऊ नका. कपड्याचा मनावर परिणाम होतो, पण तो त्या कपड्याचा *तुमच्यासाठी* जो अर्थ असेल त्यातून होतो, हे मात्र मला रोज दिसतं.

आमच्या गल्लीत एक बाई बसवर कंडक्टर आहे. गल्लीतून जाताना मान खाली, आवाज हळू. एकदा मी तिच्याच बसमध्ये चढले. खांद्याला चामड्याची बॅग, अंगात खाकी शर्ट, आणि दारात लोंबकळणाऱ्या चार पोरांना तिने कन्नडमध्ये आणि मराठीत असं काही आत ढकललं की मी बघतच राहिले. उतरताना मला म्हणाली, "ह्यो शर्ट काढला की मी परत तुमची शेजारीण." तिला कुणी मानसशास्त्र शिकवलेलं नाही.

खाकीचा अर्थ सरकारने ठरवून दिलेला असतो. बाकीच्या कपड्यांचा अर्थ आपल्याला स्वतः शोधावा लागतो, आणि तिथे आपल्या भागाकडे फार मोठी शिदोरी आहे. इरकल घ्या. बागलकोट जिल्ह्यातलं इळकल हे गाव, मराठीत तिथल्या साडीची झाली इरकल. या साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. दोन ताणे एकेक फास अडकवून जोडतात, त्याला टोपे तेनी म्हणतात. अंग बहुतेकदा सुती, पदर रेशमी आणि लालभडक, त्यावर पांढरी नक्षी. आमच्या लहानपणी इरकल म्हणजे आजीचं, शेतातून आलेल्या बाईचं नेसणं. कॉलेजच्या मुली तिला हात लावत नसत.

माझ्या ओळखीची एक बाई निपाणीकडची. आईने आयुष्यभर विड्या वळून तिला शिकवलं. नोकरी लागली ती अशा कचेरीत जिथे सगळा कारभार कन्नडमध्ये. तिचं कन्नड अडखळत चालायचं, आणि मराठी माणसाला इथे भाषा अडखळली की कसं होतं ते या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. खांदे आत येतात, वाक्य अर्ध्यावर राहतं. तिने पहिल्या पगारातून आईसाठी इरकल घेतली होती. आई गेल्यावर ती साडी हिच्याकडे आली. एकदा मोठ्या साहेबांपुढे कागद घेऊन जायचं होतं, त्या दिवशी ती नेसून गेली. साहेबांनी कागद घेताना साडीकडे बघितलं आणि म्हणाले, "नम्मव्वंदू इंथाद सीरी ऐती." म्हणजे, आमच्या आईचीही अशीच साडी आहे. पुढचं बोलणं तिच्या मोडक्या कन्नडमध्येच झालं, पण पूर्ण झालं. ती म्हणाली, "आई पाठीशी उभी आहे असं वाटलं, मग चुका झाल्या तरी थांबले नाही." साहेबांच्या वाक्याचा वाटा त्यात आहेच. पण खोलीत शिरताना ती ताठ होती, ते त्या वाक्याच्या आधीचं.

आतली पहारेकरीण

आता उलटी बाजू. १९९८ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास मी प्रत्येक आईबापाला सांगते. कॉलेजातल्या मुलामुलींना एकेकट्याने, आरसा असलेल्या खोलीत, कुणाला पोहण्याचा पोशाख तर कुणाला स्वेटर घालायला दिला. तोच पोशाख अंगावर असताना त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांमध्ये असा फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणीच नव्हतं, हे लक्षात घ्या. बघत होती ती मुलगी स्वतःच, दुसऱ्याच्या डोळ्यांनी. मन एकच, त्यातला मोठा हिस्सा आपण कशा दिसतोय याच्या पहाऱ्यावर बसलेला. उरलेल्या तुटपुंज्या मनाने गणित कसं सुटणार?

ही पहारेकरीण आपल्याकडे लवकर कामाला लागते. मुलगी सहावी-सातवीत गेली की घरातलंच कुणीतरी "ओढणी नीट घे" म्हणतं, मावशी "जाड झालीस गं" म्हणते, लग्नात कुणीतरी रंगावरून बोलतं. पुढे ती माणसं समोर नसली तरी त्यांचं बोलणं आत चालूच राहतं. मुलग्यांनाही उंचीवरून, टकलावरून, 'काटकुळा' म्हणून असंच काही मिळतं, पण त्यांना ते बोलायचीही सोय नसते.

तिला थोडं गप्प करणारी एक गोष्टही संशोधनातून मिळालीय. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, त्यांना घालायची लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. आपल्या ब्लाउजची बाही चुरगळलीय हे आपल्याला जेवढं दिसतं, तेवढं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दिसत नाही. त्यांचं लक्ष आपापल्या बाह्यांवर असतं.

म्हणून नटण्याची माझी कसोटी आईचीच आहे. हात कितीदा जातो? पहारेकरणीला जागं ठेवणारा कपडा कितीही महाग असला तरी तो धीर देत नाही. तिला झोपवणारा कपडा जुना असला तरी देतो. यात शरीराचाही भाग आहे. त्वचेतल्या स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना एकसारख्या स्पर्शाची लवकर सवय होते, म्हणून अंगात घातलेला सदरा काही मिनिटांत जाणवेनासा होतो. पण टोचणारी शिवण, रुतणारं इलास्टिक, कापणारा पट्टा सारखी वर्दी देत राहतात आणि प्रत्येक वर्दीला मन शरीराच्या त्या जागी धावतं. आत्मविश्वासाचा पहिला पाया मापात आहे.

आमच्या आज्या खणाची चोळी घालत. गुळेदगुड्डचा खण, पुढे गाठ. त्या गाठीला माझा मनापासून नमस्कार आहे. पोट वाढलं, उतरलं, बाळ अंगावर प्यायला लागलं, म्हातारपणी अंग सुकलं, चोळी तीच राहायची, गाठ बदलायची. हुकांचा ब्लाउज आला आणि मापाला आकडा आला. आकडा आला की तो वाढला याचं दुःख आलं. बायका आईकडे यायच्या आणि ठणकावून सांगायच्या, "माप वाढवू नको, मीच कमी होते." आई ऐकल्यासारखं करायची आणि आत दोन्ही बाजूंना दीड बोट जास्तीचं कापड दुमडून ठेवायची. शिवणकामात या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. सहा महिन्यांनी तीच बाई ओशाळून यायची, आई शिवण उसवून माया सोडायची, पाच मिनिटांत ब्लाउज अंगाला बसायचा. चिठ्ठीवरचा जुना आकडा मात्र ती बदलायची नाही.

खानापूर तालुक्यातली एक मुलगी मुलाखतीला बेळगावला आली. जुलैचा महिना, म्हणजे तिकडे दोरीवरचे कपडे आठवडाभर ओलेच. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा कोट, दुसरीच्या उंच टाचेच्या चपला. नंतर माझ्याकडे आली तेव्हा तिला मुलाखतीतला एकही प्रश्न आठवत नव्हता, कोटाची बाही मनगटाच्या वर सरकत होती तेवढंच आठवत होतं. पुढच्या वेळी तिने स्वतःचा इस्त्री केलेला सुती कुर्ता घातला. आदल्या दोन दिवसांत तो घालून ती बसमध्ये चढली, उतरली, खाली बसून भांडी घासली. नवा कपडा महत्त्वाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, आधी घरात घालून मोडावा, चपलेसारखा.

नटायचं कुणासाठी, हाही प्रश्न मला कायम विचारला जातो. चिकोडीकडची माझी एक आत्या, नवरा गेल्यावर तीन वर्षं पांढुरक्या साड्यांत राहिली. कुणी सक्ती केली असं नाही, कुणी नको असंही म्हटलं नाही. सीमेपलीकडे, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याची बातमी तिने दोनदा वाचायला लावली. त्या दसऱ्याला ती हिरवी साडी नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून देवळात गेली. अबोलीला वास नसतो, नुसता रंग. देवळातून आल्यावर सोसायटीच्या कर्जासाठी सह्या करायला ती एकटी गेली, तीन वर्षांत पहिल्यांदाच. ज्याच्यासाठी नटावं असा माणूस घरात नसतानाही नटणं तिच्या कामाला आलं.

दिवा मालवण्याआधी

आता जी गोष्ट विचारताना लोकांचा आवाज खाली येतो तिच्याकडे येते.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये लैंगिक अडचणींवर लिहिताना एका सवयीवर बोट ठेवलं. जवळिकीच्या वेळी माणूस त्या अनुभवात न राहता बाहेर उभा राहून स्वतःला बघत बसतो. माझं पोट दिसतंय का? मला जमेल का? तिला आवडतंय का? त्यांनी त्याला 'स्पेक्टेटरिंग' म्हटलं, आपण प्रेक्षकपण म्हणू. ही तीच पहारेकरीण, आता शयनघरात शिरलेली. तिच्या असण्याने शरीरात काय होतं हे समजून घेतलं की बरीचशी अपराधी भावना गळून पडते. मनात चिंता असली की शरीर संकटाच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, स्नायू आवळतात. पुरुषाला ताठरता यायला आणि स्त्रीला ओलावा यायला शरीर निवांत असावं लागतं. संकटाची तयारी आणि निवांतपणा एकत्र नांदत नाहीत. तेव्हा न जमण्याचं कारण पुष्कळदा प्रेमाची कमतरता नसते, पहारा चालू असतो.

मग इथे कपड्याचं काय काम? शेवटी तो उतरायचाच आहे, असं एक नवरा मला म्हणाला होता. त्याची बायको शेजारीच बसली होती, ती हळूच म्हणाली, "पण मी दिवसभर फोडणीच्या वासात असते." तिचं उत्तर बरोबर आहे. कपडे बदलणं हा उंबरठा आहे. स्वयंपाकघरातली, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या देणारी, पोरांचा अभ्यास घेणारी बाई एका क्षणात प्रेयसी होत नाही. कोमट पाण्याने अंघोळ, दिवसभराचा गाऊन आणि त्यावरचा टॉवेल उतरवून ठेवणं, मऊ धुतलेलं काहीतरी घालणं, या दहा मिनिटांत मनाला कळतं की आता कामाची पाळी संपली. पुरुषालाही हेच लागू. भोक पडलेला बनियन आणि तोंडात तंबाखूचा बार घेऊन पलंगावर येणाऱ्याने बायको थंड आहे अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये. आधी आंघोळ, चूळ, धुतलेला सदरा.

आपल्याकडे 'ठेवणीतली' साडी असते. ती लग्नाला, वास्तुशांतीला, परक्यांपुढे नेसायची. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं त्याच्या वाट्याला विटलेला गाऊन. याची कारणं मला माहीत आहेत. घरं लहान, भिंत एक वीट जाडीची, शेजारच्या खोलीत सासू, बांगडी वाजली तरी आवाज जातो. रात्री जरा बरं काही घातलं की सकाळी जाऊ विचारते, "काय गं, काय विशेष?" त्या एका प्रश्नाच्या भीतीने कितीतरी बायका वीस-वीस वर्षं नटलेल्या नाहीत. अशांना मी एवढंच सांगते की नटणं दुसऱ्या कुणाला दिसायलाच हवं असं नाही. एक मऊ मलमलचा गाऊन कपाटात वेगळा ठेवा, तो स्वयंपाकघरात न्यायचा नाही. केसांना घरचं खोबरेल, उशाशी दोन मोगऱ्याची फुलं. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यात लहान पिवळा दिवा. पूर्ण अंधार करणाऱ्यांना मी टप्प्याटप्प्याने तो दिवा लावायला सांगते, कारण अंधारात पहारेकरीण झोपत नाही, ती नुसती कल्पना करत बसते.

कापड मऊ का, यालाही शास्त्र आहे. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, मांड्या इथे, हळू कुरवाळण्याला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या चालीने फिरणाऱ्या हाताला ते सगळ्यात जास्त साद देतात. मनगटापासून कोपरापर्यंत यायला दहा सेकंद लागतील, एवढं हळू. मी जोडप्यांना सुरुवातीला कपडे अंगावर असतानाच, पातळ सुती कापडावरून, असं एकमेकांना स्पर्श करायला सांगते. त्यापुढे काही करायचं नाही, ही अट. काही साध्य करायचं उरत नाही, त्यामुळे परीक्षा उरत नाही, आणि परीक्षा नसली की प्रेक्षकही हळूहळू उठून जातो. शरीर आवडायला लागायच्या आधी शरीरात बरं वाटायला लागतं. आवडणं मागून येतं.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. लग्नाला सहा महिने झालेल्या एका मुलाने मोबाइलवर बघून जाळीदार झिरझिरीत कपडे मागवले आणि बायकोच्या हातात दिले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिने ते घातले, रात्रभर रडली, आणि पुढे दोन महिने त्याच्याजवळ गेली नाही. तिच्यासाठी तो कपडा म्हणजे प्रश्नपत्रिका होती. फोटोतल्या बाईसारखी मी दिसते का? वर सांगितलेला पोहण्याच्या पोशाखाचा अभ्यास आठवा, हे तेच. मी त्याला विचारलं, "तुला ती कशात आवडते?" तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "केस धुऊन गॅलरीत उभी असते ना मॅडम, माझाच जुना शर्ट घालून, तेव्हा." हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. तेच झिरझिरीत कपडे एखाद्या बाईने स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या आवडीने घेतले असते, तर कदाचित तिला त्यात ताठ मानेने उभं राहता आलं असतं. कापडापेक्षा निवड कुणाची होती याला जास्त वजन आहे. आणि नको म्हणायची मुभा नसेल तर ती निवडच नव्हे, लग्नाच्या बायकोच्या बाबतीतही.

काही लाजा अगदी साध्या, आणि उपाय असलेल्या. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेभोवती काळा वळ पडतो. तो दिसू नये म्हणून नवऱ्यापुढे दिवा न लावणाऱ्या बायका मला भेटल्यात. नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठ रोज थोडी वर-खाली बांधा, घरात असताना सैल सोडा. तिथे जखम होऊन ती भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. दुसरं, इकडच्या पावसाळ्यात ओलसर, घट्ट, नायलॉनचे आतले कपडे घालून जांघेत गजकर्ण होतं. नवरा-बायको दोघांनाही होतं, एकमेकांना लागतं, आणि दोघंही लपवतात. औषध दुकानातून मागून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, दोघांनी एकाच वेळी औषध घ्या, आतले कपडे सुती आणि इस्त्रीने पूर्ण कोरडे केलेले घाला.

आणि नटण्याच्या पलीकडचंही आहे. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ हव्यात, नवी साडी नव्हे. पुरुषाला ताठरतेची अडचण वारंवार येत असेल तर मधुमेह आणि हृदय तपासून घ्यावं, कधी कधी ती पुढच्या आजाराची पहिली खूण असते. काहीच नकोसं वाटत असेल, अंघोळही जड जात असेल, तर ते नैराश्य असू शकतं. आणि घरातलं माणूस रोज उठून तुमच्या शरीराची टिंगल करत असेल, तर बदलायला हवी ती त्याची जीभ.

आईचं शेवटचं मोठं काम मला आठवतं ते असं. जवळच्याच गल्लीतल्या एका बाईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, एक बाजू पूर्ण काढली. वर्षभर ती अंगभर शाल घेऊन फिरायची, उन्हाळ्यातही. आईने तिला टाके पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, बोलावलं. आधी ब्लाउजच्या आत कापसाची गादी शिवून पाहिली. कापूस हलका, तो वर सरकायचा, आणि बाईचा हात परत परत छातीकडे जायचा. आई दोन दिवस विचारात. मग तिने मऊ मलमलची लहान पिशवी शिवली, तिच्यात राळे भरले, वरून कापसाचा थर, आणि अस्तराच्या आत एक खिसा केला, धुवायच्या वेळी पिशवी काढून ठेवता यावी म्हणून. राळ्याचे दाणे बारीक, गुळगुळीत. पिशवी अंगाचा आकार घेते आणि वजनाने जागेवर बसते. दुसऱ्या बाजूइतकं वजन व्हावं म्हणून आईने तराजूवर मुठीमुठीने राळे कमी-जास्त केले. वजन सारखं झालं तसा एक उचललेला खांदा खाली आला.

ट्रायलला ती पलंगपोसाच्या आड गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली. शाल आत खुंटीलाच राहिली होती. आई मान खाली घालून तिचे हात बघत होती, मी आईला बघत होते. हात कुठेच गेले नाहीत. तिने पाठ फिरवून आरशात बघितलं, परत समोर वळली. मग गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अक्का, गळा लईच बंद केलायस की गं. थोडा खाली घे. आमच्या ह्यांना बंद गळा आवडत नाही, आणि मलाबी."

आईने खडू उचलला.